पाखराच्या शेजारी

मचाणावर उभ्या राहून अयोध्याबाईंनी गोफण गरगरा फिरवली आणि खडा सोडला. ज्वारीवरून पाखरांचा थवा भर्रकन उठला. तेवढ्यात धाकटी जाऊ द्वारका लेकीला घेऊन बांधावरून येताना दिसली. काल गावानं सृष्टीचा सत्कार केला होता. आज आई तिला शेतोशेत मिरवत होती.

"अक्का, ऐकलं का," द्वारकानं खालूनच सुरू केलं, "हिच्या लष्कराच्या प्रयोगशाळेत असलं यंत्र करायलेत, नुसत्या आवाजानं माणूस मागं सरतंय. कोसभर लांबनं. मरत कुणी न्हाय."

"व्हय की. म्हंजे आमचंच काम. पगार तेवढा जास्त."

सृष्टी हसली. द्वारका हसली नाही. अयोध्याबाईंना तेवढ्यानंही जरा गार वाटलं.

याच मचाणावर त्यांनी सात वर्षांच्या सृष्टीच्या हातात गोफण दिली होती. नेम पाखरावर धरायचा न्हाय, पाखराच्या शेजारी धरायचा, हे शिकवलं होतं. आणि काल माईक हातात आल्यावर पोरगी म्हणाली, "हे सगळं माझ्या आईमुळं." अयोध्याबाईंनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांपेक्षा जोरात, कुणाला काही कळू नये म्हणून.

गुडघे धरून द्वारका बांधावरच टेकली. सृष्टी मात्र शिडी चढून वर आली.

"मोठी आई, एक अडलंय," ती हळूच म्हणाली. "यंत्र लावलं की माणसं पळतात. आवाज थांबला की परत येतात. साहेब विचारतात, कायमची लांब कशी ठेवायची? तुम्ही तर चाळीस वर्षं हेच करताय. पाखरं परत येऊ नयेत म्हणून काय करायचं?"

अयोध्याबाईंनी बांधाकडं पाहिलं. द्वारका कान टवकारून बसली होती. पण सृष्टीचं हळू बोलणं तिला ऐकू जात नव्हतं. उत्तर मोठ्यानं द्यावं, असं अयोध्याबाईंना फार वाटलं. पण चाळीस वर्षांचं उत्तर एवढंसंच होतं.

"काय न्हाय करता येत. ती येतातच. भूक लागलेली असती त्यांना."

सृष्टीनं मोबाईल काढून ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

"हे सांगशील साहेबाला?"

"सांगते."

"सांग. आन् कुणी शिकवलं म्हणून इचारलं," अयोध्याबाई नव्या खड्यासाठी वाकत म्हणाल्या, "तर आईचं नाव घेऊ नको."