कोऱ्या कागदावरच्या सह्या

"भाऊजी, अर्ज दिलात ना हो?" हॉस्पिटलच्या खाटेवर प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पडलेल्या हळबेवहिनींनी विचारलं. अच्युतराव पिशवीतल्या मोसंब्यांकडे बघत नुसतेच "हं" म्हणाले.

गल्लीत आधी गटाराच्या पाइपसाठी खणलं, मग नव्या टॉवरच्या पाण्यासाठी, मग केबलसाठी. अकरा महिने चर उघडाच होता आणि त्यावर एक डुगडुगती फळी. शेवटी पालिकेला द्यायच्या अर्जासाठी गल्लीतल्या लोकांनी कोऱ्या कागदावर सह्या करून अच्युतरावांकडे दिल्या. पहिली सही वहिनींची. "वरचा मजकूर तुम्हीच लिहा," त्या म्हणाल्या होत्या. "सगळा जन्म लायब्ररीत गेला तुमचा, आमच्यापेक्षा बरं लिहाल."

अच्युतरावांनी सहा मसुदे केले. एक फार कडक वाटला, एक लाचार, एकात 'विनंती' दोनदा आली. महिना गेला. काल फळी सरकली आणि भाजी घेऊन येणाऱ्या वहिनी चरात पडल्या.

"दिला असेलच तुम्ही," वहिनी डोळे मिटत म्हणाल्या. "त्या मेल्यांनाच माणसांची पर्वा नाही."

घरी आल्यावर अच्युतरावांनी सह्यांचा कागद काढला. आज शब्दापाशी अडायचं नाही असं ठरवून ते सहावा मसुदा त्यावर उतरवू लागले. हात झरझर चालला. तिसऱ्या वाक्यापाशी मात्र तो थांबला. मसुद्यात त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'सुदैवाने अद्याप कोणालाही इजा झालेली नाही.'