नऊ वर्षांचं शिक्षण

"या तिघांतलं दात वाचवणारं कोण?" वार्तिनीने विचारलं.

दातांच्या दवाखान्याच्या काउंटरवरची रीना हसली. मोठ्या बायकांना ती आदराने 'बू' म्हणायची. "तिघंही वाचवतात, बू. काढायला कुणालाच आवडत नाही."

भिंतीवर तीन डॉक्टरांचे फोटो होते. प्रत्येकाखाली शिक्षण आणि अनुभव लिहिलेला. वार्तिनीने तो सगळा मजकूर बोट ठेवून वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून. जावातल्या देमाकहून सेमारांगपर्यंत ती बसने आली होती. शेजारी तिची पंधरा वर्षांची मुलगी लारास तोंडावर रुमाल धरून उभी होती.

"हे तांदिओनो?"

"सुराबायाला शिकले. वाकड्या जबड्यांचं काम त्यांचं. शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही पेशंट त्यांच्याकडेच येतात."

"आणि हे तरुण?"

"महेंद्र. जपानहून शिकून आलेत. बोलतात फार, पण हात हलका आहे. मुलांसाठी मात्र डॉक्टर हप्सारी. दुभंगलेल्या ओठांची लहान बाळंसुद्धा बघतात त्या."

"एका दिवसात किती मुलं बघतात?"

"तुमचा नंबर लागेल हो, बू. काळजी करू नका."

डॉक्टर हप्सारी चाळिशीच्या, बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. लारासचं तोंड उघडल्यावर त्यांनी दिवा जवळ ओढला. वरच्या दातांवर ब्रेसेसच्या गुलाबी टिकल्या चिकटवलेल्या, त्यांतून तार ओवलेली. हिरड्या सुजून लाल झालेल्या. पुढचा एक दात बोट लावताच हलला.

"बाजारात बसवल्या ना?"

"हो," वार्तिनी म्हणाली.

"अर्ध्या तासात?"

"चाळीस मिनिटं लागली."

"मीच हट्ट केला होता," लारास घाईघाईने म्हणाली. "वर्गात सगळ्यांना होत्या. आई आधी नकोच म्हणत होती."

"तुला नाही रागावत गं. एक्स-रे काढू आधी."

एक्स-रे निघेपर्यंत वार्तिनी उभीच राहिली. मग तिने विचारलं, "डॉक्टर, हे शिकायला तुम्हाला किती वर्षं लागली?"

रीनाने बाहेरून मान वर केली. असं कुणी तोंडावर विचारत नसे. पण डॉक्टर हप्सारींना राग आला नाही. एकदा फसलेली आई विचारणारच.

"दातांचं शिक्षण सहा वर्षं. मग फक्त तारांचं, आणखी तीन."

"नऊ वर्षं." वार्तिनी स्वतःशीच पुटपुटली.

"त्याआधीचंही धरा. माझे वडील गाँग, वाजवायच्या मोठ्या थाळ्या, घडवायचे. कांसं घासून घासून सूर लावायचे. एक कानस जास्त फिरली की महिनाभराची मेहनत भंगारात. मला म्हणायचे, हात आवरता येतो त्यालाच काम येतं. दाताचंही तसंच आहे, बू. तो हाडातून सरकतो. आज इतकासा, पुढच्या महिन्यात इतकासा. जोरात ओढला तर सरकत नाही, मूळ सोडतो."

"जोर किती लावायचा, हे कळतं कसं?"

"तेच तर शिकायला तीन वर्षं लागतात."

वार्तिनीने मान खाली घातली.

डॉक्टरांनी तार कापली. मग एकेक टिकली चिमट्याने अलगद सोडवली. वार्तिनी खुर्चीला खेटून उभी होती, डॉक्टरांच्या बोटांवरून तिची नजर हलत नव्हती. पाचव्या टिकलीला चिमटा अडला तेव्हा ती म्हणाली, "तिथे गोंद जास्त आहे. खालच्या बाजूने धरा."

डॉक्टरांनी खालून धरलं. टिकली सुटली.

एक्स-रे आला. डॉक्टर हप्सारींनी तो उजेडासमोर धरला, बराच वेळ पाहिला. लारासने आईचा हात घट्ट धरला होता.

"मूळ शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "हाड थोडं झिजलंय, पण ते भरून येईल. सुजेला औषध देते, आणि हलणारा दात शेजारच्या दातांना बांधून ठेवू. दोन महिने उशीर झाला असता तर दात हातात आला असता."

वार्तिनी स्टुलावर बसली. ती रडू लागली. मग रडता रडता हसली.

"आई, पुरे ना," लारास म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

"दोन आठवडे मऊ खायचं. बुबुरची पेज, भात, पिकलेली केळी. कुरकुरीत क्रुपुक बंद."

"क्रुपुकसुद्धा?"

"हिला बरं वाटायला लागलंय," डॉक्टर म्हणाल्या, आणि तिघी हसल्या. बाहेरून रीनाही.

दात बांधून झाला. डॉक्टरांनी खणातून एक छापील कागद काढला.

"या वर्षातली ही सहावी मुलगी. आम्ही आता प्रत्येकीची खबर आरोग्य खात्याला देतो. तुम्हाला काही त्रास होणार नाही. तार कुणी चढवली, माहीत आहे?"

"नाही," लारास पटकन म्हणाली. "आम्हाला नाव नाही माहीत."

वार्तिनीने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा चेहरा धुऊन काढल्यासारखा शांत होता.

"माहीत आहे. लिहून घ्या. वार्तिनी सुहार्जो, देमाक, मासळी बाजाराच्या मागची गल्ली."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "तुमचं नाव वर लिहून झालंय, बू. मला तार चढवणाऱ्याचं हवंय."

"तेच सांगितलं," वार्तिनी म्हणाली. "आणि आणखी अकरा मुलींची नावं लिहा. त्यांना मी उद्याच तुमच्याकडे घेऊन येते."