जिन्यातला दिवा

नारायण पेठेतल्या त्या घराच्या जिन्यात दिवा एकच, पण बटणं दोन, एक खाली आणि एक वर. खाली दीनानाथसर राहत, वर त्यांचा धाकटा भाऊ मुकुंद. पाण्याच्या टाकीवरून दोघांचं बोलणं बंद झालं, त्याला वर्षं लोटली होती. सर कॉलेजात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवत आणि एक्सॉर गेट समजावताना याच जिन्याचं उदाहरण देत. "दोन्ही बटणं सारखी असली की उत्तर शून्य, म्हणजे अंधार. वेगळी असली तरच एक, म्हणजे उजेड. आणि दोन्ही एकदम दाबलीत, तर काहीच बदलत नाही." पोरं खूश होत. सर त्याहून खूश.

आई एक महिना खाली, एक महिना वर. मुक्काम हलवायच्या दिवशी तिला पोचवायला कोणी चढत नसे, न्यायला कोणी उतरत नसे. अशाच एका संध्याकाळी ती पिशवी घेऊन एकटीच निघाली आणि अर्ध्या जिन्यात अंधारात तिचा पाय घसरला. ओरडणं ऐकून दोघेही धावले आणि दोघांनी एकदम बटण दाबलं. दिवा नुसता लुकलुकला. पुन्हा दाबलं, तेही एकदम.

"दादा, तू मुद्दाम विझवतोयस!" मुकुंद वरून ओरडला.

"तूच विझवतोयस! अक्कल गहाण ठेवलीस का?" सर खालून गरजले.

मधल्या पायरीवर कठडा धरून बसलेली आई म्हणाली, "तुमच्यापैकी कोणीतरी एक जण काहीच करू नका. त्याची तर दोघांनाही सवय आहे."