एंजलच्या सोबतीला

"टायगर बार्ब द्या," श्रेया म्हणाली. "आठ."

रफीकभाईंनी जाळी उचलली आणि मेघाकडं पाहिलं. गारखेड्यातलं त्यांचं चिंचोळं दुकान. दोन्ही भिंतींना माशांच्या टाक्या, मधे एका माणसापुरती वाट. मेघा मघापासून स्कूटरची चावी या हातातून त्या हातात करत होती. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं, आणि नवऱ्याच्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन ती पहिल्यांदाच एकटी बाहेर पडली होती. श्रेया तिला अजून कशानंच हाक मारत नव्हती.

"घर में कौनसी है?" रफीकभाईंनी विचारलं.

श्रेयानं नजर टायगर बार्बवरून हलवली नाही.

"एक एंजल आहे," मेघा म्हणाली. "एवढी." तिनं तळहात दाखवला.

"फिर टायगर मत लो, भाभी. झुंडीनं राहतात, पण लई खोडकर. एंजलचे लांब पर दिसले की कुरतडत बसतील. चार रोज में हालत खराब."

"मग ते निऑन?"

"वो छोटे हैं. त्यांना एंजलच गिळून टाकील."

"टायगरच द्या," श्रेया पुन्हा म्हणाली.

ती एंजल श्रेयाच्या आईची, शुभांगीची होती. शुभांगी गेली, मागोमाग टाकीतले बाकीचे मासेही गेले, ही तेवढी उरली. नळाला पाणी आलं की मेघाचा नवरा अभय घरातली भांडी सोडून आधी एंजलसाठी बादली भरून ठेवायचा. मेघा त्या काचेवरची धूळसुद्धा बिचकत पुसायची.

"नको," ती म्हणाली. आवाज वाटला त्यापेक्षा चढाच निघाला. "तिला त्रास होईल असं काहीच नको."

"तुम्हाला काय करायचंय? तुमची आहे का ती?"

"माझी नाही, म्हणूनच नको. मी घरात आले आणि ती मेली, असं मला होऊ द्यायचं नाही."

बोलून गेल्यावर मेघाला कुठं बघावं कळेना. रफीकभाई पाठ फिरवून उगाच एका टाकीचा पंप हलवत राहिले.

श्रेयानं तिच्याकडं नीट पाहिलं. मग तोंड काचेकडं वळवून हळूच म्हणाली, "ती आईची नाहीच."

"काय?"

"आईची मेली. तुम्ही यायच्या आधी, दिवाळीत मी मामाकडं लासूरला गेले होते, तेव्हा. बाबांनी तशीच दुसरी आणून सोडली. आईच्या एंजलच्या शेपटीवर काळा ठिपका होता. हिला नाहीये."

मेघा तिच्या शेजारी वाकली.

"बाबा रोज म्हणतात, बघ, आईची एंजल कशी मजेत आहे. मला रोज हो म्हणावं लागतं. कंटाळा आलाय मला."

"मग सांगून टाक ना त्यांना."

"नको." श्रेयाचं नाक काचेला टेकलं होतं. "मला कळलं नाही असं वाटतं त्यांना. म्हणून तर ते हसतात."

मेघानं दाराबाहेर रस्त्याकडं पाहिलं, मग टायगर बार्बकडं. ते एकमेकांच्या मागं नुसते धावत होते. तिनं चावी पर्समध्ये टाकली.

"रफीकभाई, एंजलला छळणार नाहीत आणि तिच्या पोटातही जाणार नाहीत, असे कोणते?"

"रमीनोज लो. ये लाल तोंडवाले. बडे बडे निकालके देतो. पण आठ-दहा तरी घ्या. एकटा-दुकटा असला की घाबरतो, खात नाय काही."

"चालतील?" मेघानं विचारलं.

श्रेयानं खांदे उडवले. पण जाळी पाण्यात गेली तशी ती पुढं सरकली. "तो नको, त्याची शेपटी फाटलीये. तो... हां, तो."

घरी आल्यावर दोघींनी पिशवी न सोडता तशीच टाकीत तरंगत ठेवली. नव्या माशांना आधी पाण्याची सवय व्हावी म्हणून. आतून लाल तोंडं, बाहेरून एंजल. अभय आतल्या खोलीतून आला आणि मेघाच्या खांद्यावरून वाकून बघू लागला.

"सांभाळून हं," तो म्हणाला. "शुभांगीची आहे ती."

पिशवीवरचा श्रेयाचा हात थांबला. तिनं मेघाकडं पाहिलं.

"माहितीये मला," मेघा म्हणाली.