बर्फखान्यातली मुलाखत

"वहिनी, मिक्सर बंद कर गं, मामाचा फोन आहे!"

वहिनीने मिक्सर बंद करेपर्यंत मामाचं निम्मं बोलणं होऊन गेलं होतं. त्याला फोनवर थांबणं ठाऊकच नव्हतं.

"…आणि नीट बोल हो. जमलं तर कायमचं काम आहे," एवढं म्हणून त्याने फोन ठेवलाही.

"काय म्हणाले?" वहिनीने नणंदेला विचारलं.

"उद्या सकाळी बर्फखान्यात मुलाखत घ्यायची आहे. तिथल्या कलाकारांची."

घरात या नणंदेला सगळे 'चौकशी' म्हणत. लहानपणी पाहुण्यांना प्रश्न विचारून विचारून तिने हे नाव कमावलं होतं आणि पुढे त्याच सवयीवर गावातल्या छोट्या रेडिओ केंद्रात नोकरीही मिळवली होती. केंद्र बंद पडलं तेव्हापासून ती दादाकडेच होती. दादा-वहिनी त्याबद्दल चकार शब्द काढत नसत, त्याचंच तिला जास्त लागे. हे काम हातचं जाऊ द्यायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं आणि रेकॉर्डर चार्जिंगला लावला.

बर्फखान्यात बर्फ होत नव्हता, त्याला जमाना झाला होता. त्या जुन्या कारखान्याच्या खोल्यांत आता कलाकार काम करत. फाटकाला एक साखळी होती आणि तिच्यात कुलपात कुलूप अडकवलेलं. ज्याचं त्याचं वेगळं. कुणाचा कुणावर विश्वास नाही हे सांगायला पाटी लावायची गरज नव्हती.

"मुलाखतीला ना? या, बसा," पहिल्या खोलीतल्या मूर्तिकार बाई म्हणाल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते.

चौकशीने रेकॉर्डर चालू केला. "तुम्ही या कामाकडे कशा वळलात?"

बाई चमकल्या. "मी? तुम्ही सांगा ना, तुम्ही कशा वळलात?"

चौकशी हसली. कलाकार माणसं तऱ्हेवाईक असायचीच. तिने दोन वाक्यांत स्वतःचं उरकलं आणि पुन्हा मातीवर आली. "ही सुकत नाही?"

"ओलं फडकं टाकावं लागतं. पण शेजारून लाकडाचा भुसा उडतो आणि सगळा मातीत बसतो. अशा वेळी तुम्ही काय कराल?"

"शेजाऱ्यांना विचारेन."

"त्यांच्याशी मी बोलत नाही," बाईंनी सांगून टाकलं.

शेजारी म्हणजे बाहुलीवाले आजोबा. तेही प्रश्नाला प्रश्नच लावत होते. "राग येतो का तुम्हाला लवकर? सकाळी लवकर उठता का?"

"आजोबा, तुम्ही लाकूड कधी घासता?"

"सकाळी."

"आणि बाई मातीला कधी बसतात?"

"त्याही सकाळीच."

"मग तुम्ही दुपारी घासलंत तर?"

आजोबांनी हातातली बाहुली खाली ठेवली. दुपारी त्यांना काहीच काम नसायचं. "हे मला कुणी विचारलंच नाही हो," ते हळूच म्हणाले. एवढ्या साध्या गोष्टीसाठी दोन माणसं अबोला धरून बसली होती, याचं चौकशीला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

शेवटी तालीममास्तर. नाटक बसवणारे, आणि सगळ्या कलाकारांचे म्होरके. त्यांनी तर तिला तोंड उघडायलाच फुरसत दिली नाही. हिशेब येतो का, भांडण झालं तर आवाज चढतो का, एक ना दोन.

"मास्तर, मुलाखत माझी नाहीये," ती कळवळून म्हणाली. "तुमचं सांगा. इथे शेवटचं नाटक कधी झालं?"

मास्तर रेकॉर्डरकडे बघून हसले आणि मग मोकळे झाले.

"जुने मॅनेजर गेले त्याआधी. आता जो तो आपल्या खोलीचा राजा. मालक म्हणतो, असंच चालणार असेल तर जागा परत द्या. जागा गेली तर आम्ही जायचं कुठे?"

तिने रेकॉर्डर बंद केला. हे ऐकवण्यासारखं नव्हतं, नुसतं ऐकण्यासारखं होतं. मास्तर बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "बाहेर बसा जरा. चहा पाठवतो."

अंगणात बसून तिने रेकॉर्डिंग ऐकलं. जिकडे तिकडे तिचाच आवाज! वहिनीला काय सांगायचं? आतून बोलण्याचा गलका येत होता. मग हसणं. त्यात आजोबांचा आवाज होता, आणि चक्क मूर्तिकार बाईंचाही. तेवढ्यानेही तिला बरं वाटलं.

थोड्या वेळाने सगळे बाहेर आले. फाटकाशी जाऊन एकेकाने आपापलं कुलूप काढलं. मास्तरांनी साखळीला एकच नवं कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"ही कशाला?"

"सोमवारी आमच्याआधी याल ना, म्हणून."

राहिलेलं रेकॉर्डिंग सोमवारी करू देतायत वाटतं, असं मनाशी म्हणत तिने सुटकेचा निःश्वास सोडला, तेवढ्यात मामाचा फोन आला.

"काय गं, कशी झाली मुलाखत?"

"कसली होतेय मामा! सगळे मलाच प्रश्न विचारत होते. मला एकाचीही धड मुलाखत घेता आली नाही."

मामा, जो फोनवर कधीच थांबत नसे, तो थांबला.

"घेता?" तो म्हणाला. "अगं बाई, द्यायला सांगितली होती मी. मॅनेजरच्या जागेसाठी!"