बटन सेल

"परत बंद पडलं हो," म्हणत बायकोने ते मशीन त्याच्या टेबलावर ठेवलं आणि त्याचं डोकं फिरलं.

चष्म्याच्या घराएवढं मशीन. उघडलं की आत राखाडी पडदा आणि बोटाने दाबायची बारीक बटणं. मोबाईल येण्याआधी साहेबलोक खिशात घालून फिरायचे, तसला हातातला कॉम्प्युटर. असली मेलेली मशीनं जिवंत करणं हाच त्याचा धंदा. दुकानात पंचवीसेक पडलेली असत, एकाशीही त्याचं वाकडं नव्हतं. हे एकच डोळ्यांत सलायचं, कारण हे बायकोच्या पहिल्या नवऱ्याचं होतं. देवाघरी गेलेल्या.

नऊ वर्षांपूर्वी हेच घेऊन ती दुकानाची पायरी चढली होती. "त्यांनी लिहिलेलं सगळं ह्यात आहे, जपून करा," म्हणाली होती. पुढे ती घरात आली, तिच्याबरोबर हेही आलं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायची, खुटखुट करायची, मधेच गालात हसायची. हा जवळ गेला की झाकण बंद! बायकांना सवत असते, ह्याला हे मशीन होतं. जिवंत माणूस असता तर चार शब्द सुनावता तरी आले असते. मेलेल्याशी काय भांडणार? तो ना घोरत होता, ना दूध आणायला विसरत होता.

मग उघडून वाचलं का नाही, असं कुणी म्हणेल. तेवढं मात्र त्याने कधी केलं नाही. पडदा उजळला की काम संपलं, गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये डोकावायचं नाही, हा त्याचा नेम. भिंतीवर पाटीच होती: 'आतली माहिती जाणार नाही, ही हमी.' आपल्या हातून आजवर एक अक्षर गेलेलं नाही, हे तो दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा.

"आजच द्या हं," बायको दारातून म्हणाली. "एक दिवस ते नसलं की चुकल्यासारखं होतं मला."

चुकल्यासारखं होतं! तो चार दिवस बहिणीकडे राहून आला, तेव्हा नव्हतं झालं चुकल्यासारखं.

त्याने मागचं झाकण काढलं. दोन्ही पेन्सिल सेल पाझरले होते, स्प्रिंगवर पांढरा थर चढला होता. एवढंच दुखणं. बाजूच्या खाचेतला बटन सेल त्याने जागच्या जागीच टेस्टर लावून पाहिला. काटा पार उजवीकडे गेला. ठणठणीत. म्हणजे आतलं सगळं शाबूत. ह्या मशीनांची गंमतच अशी की पेन्सिल सेल काढले तर बटन सेल आतलं सांभाळतो, बटन सेल काढला तर पेन्सिल सेल सांभाळतात. दोन्ही एकदम निघाले की पाटी कोरी. झोपेतून उठवून विचारलं तरी त्याने सांगितलं असतं.

पेन्सिल सेल काढले. स्प्रिंग स्पिरिटने पुसली, लख्ख केली. मग चिमटा घेतला आणि बटन सेलही काढून टेबलावर ठेवला.

भिंतीवरच्या घड्याळात बघून दहा मिनिटं तो नुसता बसला. मेल्याला एकदाचा मारायला दहा मिनिटं काही फार नाहीत. मग सगळे सेल नवे घातले, मशीन सुरू केलं. पडद्याने विचारलं: आजची तारीख? कोरं मशीन आधी तेच विचारतं.

त्याने तोंड पाडलं आणि हाक मारली.

"अगं, वाईट झालं. बटन सेल मेला होता, मला कळलंच नाही. आतलं सगळं गेलं. माझ्या हातून पहिल्यांदाच असं..."

बायको पडद्याकडे बघत राहिली.

"पहिल्यांदा कसं? दुसऱ्यांदा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्यांचं होतं ते तुम्ही पहिल्याच दिवशी घालवलंत की. असलं मशीन तुम्ही तेव्हा नवीनच बघत होता. ते तारीख विचारायला लागलं, तुम्ही ती टाकलीत आणि हसत माझ्या हातात दिलंत. घरी जाऊन बघते तर काय, आत काही नाही. रात्रभर रडले. दुसऱ्या दिवशी भांडायला आले, तर तुम्ही त्या पाटीकडे बोट दाखवून कुणाला तरी सांगत होतात, एक अक्षर जात नाही म्हणून. छाती अशी फुगलेली! मला बोलवेचना."

त्याला आठवलं. तारीख टाकली होती खरी.

"मग नऊ वर्षं तू रोज काय बघत होतीस?"

"बघत कुठे, लिहीत होते." ती स्टुलावर बसली. "त्या दिवसापासूनचं. तुमची ती फुगलेली छाती, तिथून सुरुवात. तुमचं घोरणं, दूध विसरणं, रुसून बहिणीकडे जाऊन बसणं. पुढच्या महिन्यात पन्नास पुरी होतायत ना तुम्हाला, तेव्हा वाचायला देणार होते."

मशीन अजून तारीख विचारत होतं.

"जाऊ दे. सेलच मेला त्याला तुम्ही तरी काय करणार," ती म्हणाली, आणि टेबलावर पडलेला तो बटन सेल तिने सहज उचलला. इतकी वर्षं दुकानात वावरलेला हात तो. आपसूकच टेस्टरकडे गेला.

काटा पार उजवीकडे गेला.