टणक टायर

"माझ्या झुंबरला तुम्ही मारलं, शेठ. खडकानं नाय, गाडीनं नाय. तुम्ही!"

चिमणाबाई रिसॉर्टच्या ऑफिसात चपला घालूनच शिरली. मागे दारात तिचा नवरा गोटीराम, टोपी हातात धरून उभा. शेठ खुर्चीतून उठला नाही. पोराचं दहावं काल झालं होतं. मातीला रिसॉर्टचं कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं.

२००६ साल होतं. नाशिकच्या पैसेवाल्यांची पोरं सुट्टीला धरणाकाठच्या या रिसॉर्टवर क्वाड बाइक उडवायला येत. चार जाडजूड चाकांची मोटारसायकल. माळावर, खडकावर, चिखलात, कुठंही घाला. झुंबर त्यांच्या पुढे राहून वाट दाखवायचा. दसऱ्याच्या दुपारी खडकाळ चढावर त्याची गाडी उडाली, उलटली आणि त्याच्याच छातीवर आली.

"बाई, आवाज खाली," शेठ म्हणाला. "पोलीस काय म्हणाले, ऐकलंत ना? टायरात हवा जास्त होती. हवा बघणं कोणाचं काम? त्याचंच."

"तेच तर म्हणते मी! माझं पोरगं टायर टणक ठेवील? जेवताना दुसरा विषय नसायचा त्याला. डांबरीवर हवा जरा जास्त, खडकावर कमी, गाळात त्याहून कमी. म्हणायचा, आई, मऊ टायर दगडाला धरून चालतो, टणक टायर चेंडूवानी उडतो. अंगठ्यानं दाबल्याबिगर तो गाडी काढायचा नाय. मग भरली कोणी? तुम्हीच! मऊ टायर बघून गिऱ्हाईक पंक्चर म्हणतं, म्हणून चारचौघात झापलं नव्हतं त्याला?"

"झापलं असेल. पण पंपाला मी हात लावला नाही. मी पूजेला आलो तेव्हा टायर टणकच होते. म्हटलं, चला, आला ताळ्यावर."

"आन् वर त्याला त्या चढावर धाडलं!"

"गिऱ्हाईक आलं होतं, बाई. धंदा आहे हा."

"खोटं!" चिमणाबाईनं टेबलावर हात आपटला. "टायर तुम्हीच भरले. अहो, तुम्ही व्हता ना तिथं? पंचवटीत विकून उरलेला झेंडू घेऊन दसऱ्याच्या सकाळी तुम्हीच गेलता. सांगा याला!"

गोटीराम टोपीची घडी घालत राहिला.

"सांगा ना! या शेंदाडाला भिता काय?"

"हवा मी भरली," गोटीराम म्हणाला.

चिमणाबाईला आधी कळलंच नाही.

"गाडी धुतली, हार घातला. टायर पार बसल्यावानी दिसत व्हते. सणाच्या दिवशी गाडी बसकी ठेवायची? आपण दसऱ्याला सायकलीत भरतो, ट्रॅक्टरात भरतो. पंप तिथंच पडला व्हता. चारी चाकं भरली, चांगली टणक." त्यानं नाक पुसलं. "झुंबर आला. अंगठा दाबला. हसला माझ्याकडं बघून. हवा सोडायला खाली वाकला व्हता. मीच म्हनलो, पूजा झालेल्या गाडीची हवा सोडू नको रे, अपशकुन हाय. तर म्हनला, बरं नाना, आजच्या दिस राहू दे."

शेठनं सुटकेचा सुस्कारा टाकला. त्याला तो लपवताही आला नाही. पाण्याचा ग्लास त्यानं गोटीरामपुढे सरकवला. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्याला या माणसाची दया आली होती.

चिमणाबाई नवऱ्याकडे वळली. दहा दिवस हा माणूस तिच्याशेजारी बसून रडला होता. ती शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची तेव्हा मान हलवून हो म्हणाला होता. आज ऑफिसापर्यंत तिच्यामागून मुकाट चालत आला होता.

तिनं एकदा शेठकडे पाहिलं. एकदा नवऱ्याकडे.

"मंग आता मी कोणाच्या नावानं बोटं मोडू?" ती म्हणाली. "बोला की! दोघंबी बोला!"